नॉर्मनचे बटाटे

शेफील्डच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीच्या बुटांना चिखल लागला होता आणि तिचा आवाज सगळ्या बसला ऐकू येत होता.

“थेल्मा, तुला सांगितलंच नाही. मागच्या महिन्यात मी दोन दिवस तुझ्याकडे राहायला काय आले, त्याने माझ्या वाफ्यात बटाटे लावून टाकले!”

“कोणी, शेजारच्या नॉर्मनने? चांगल्या मनाने लावले असतील गं ताई. तू पहिल्यांदाच भाजी लावतेयस.”

“म्हणून काय झालं? नगरपालिकेने तो तुकडा भाजी लावायला मला दिलाय. काटेरी झुडपं मी उपटली. हात बघ माझे! आणि हा म्हणतो, ‘जमीन रिकामी बरी दिसत नाही, बाई.’”

“मग काय केलंस?”

“सगळे बटाटे उकरले आणि कुंपणावरून त्याच्या कोबीत फेकले.”

“ताई! बिचारा म्हातारा.”

“बिचारा? आमचा डेरिकही बिचाराच होता. लग्न झाल्यापासून जाईपर्यंत माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्यासुद्धा तोच लावायचा. चांगल्या मनाने!”

“बरं बाई, बरं. मग बटाट्यांच्या जागी काय लावलंस?”

“घेवडा.”

“आला का?”

“आला की. गोगलगाईंनी एका रात्रीत फस्त केला. नॉर्मन कुंपणापाशी उभा राहून म्हणतो, ‘मी सांगितलं होतं.’”

“मग आता?”

“आता परत घेवडा. तिथेच. चल, ऊठ, बियाण्यांचं दुकान आलं.”