नावापाशी पाय अडते

मी सौंदडच्या अंगाचा जी. टेसनावर उतरलं का धानाच्या बांध्या धरून पायीपायी यावं, त तलावाच्या पाळीखाली, म्हंजे बांधाखाली, आमचं गाव लागते. हा तलाव आमच्याच कोहळी जातीच्या आज्यापंज्यांनी बांधला म्हनतात, बांधला असन, मले त त्यातला एक टोपला मातीचाबी वाटा नाही भेटला. बाप तलावाचं पानी वाटे, कोनाच्या बांधीत आज सोडाचं, कोनाच्या उद्या, ते सारं त्याच्या डोक्यात राहे. त्याले वाटे पोरगाबी हेच करन. पन मले चौथी शिकवली अन् तेथंच घोळ झाला, काय सांगू तुमाले, चौथी शिकलेला मानूस ना बांधीतला राहिला ना कचेरीतला झाला.

माय लहानपनीच गेली, मले काशीनं वाढवलं, काशी म्हंजे माझी मोठी बहीन. तिचं लगन झालं दूर, दरेकशाच्याबी पलीकडं, अन् जाताना ती या पाळीवरून गेली, पाळीवर आंबे आहेत, एकेका आंब्याखाली उभी राहून मागं पाहे. मंग ती काही परत आली नाही, तिकडंच तापानं मेली. मी तिच्यावर गानं रचलं. पाळीवरच्या आंब्या, देजो सावली तिले, म्हने मंसाराम, वाट दूर आहे. मंसाराम म्हंजे मी. बाकी मी मस्त रचले, देवाचे रचले, हसाचे रचले, पन हे एक असं झालं का रचताना मलेच रडू आलं. दुसरं तसं नाही झालं मंग. हे मी कोनत्याच दंडारीले देलं नाही, घरीच म्हने.

आमच्याकडं दिवाळी सरली का मंडई भरते, आज या गावची त उद्या त्या गावची, पाहुने येतात, दुकानं लागतात अन् दिवसा दंडार होते. दंडार पाहिली नाही तुमी? काय मानूस आहा जी. मानसं रांगेत उभे राहून गातात, नाचतात, ढोलकी राहते, एकदोघं लुगडं नेसून बाई बनतात. अन् गानं सरता सरता शेवटच्या ओळीत रचनाऱ्याचं नाव येते, तसा रिवाजच आहे. कागद कोन पाहाते, अर्ध्या लोकाले वाचता येत नाही, गानं कोनाचं ते त्या ओळीवरूनच समजते. ते नाव निघालं का गानं बेवारस झालं समजा. मंडईच्या आधी गावागावचे लोक माझ्याकडं येत, मंसाराम, आमाले दंडार लिहून दे, मी लिहून देई, ते धान देत, कोनी धोतर देई, कोनी नुसतं जेवू घाले. पन मंडई वर्षातून एकदा, अन् पोट त रोजचं आहे. बाकीच्या दिवसात काय केलं ते विचारा. काय नाही केलं ते विचारा.

देश मोकळा झाला तवा मी गोंदियात राइस मिलमधी होतो. सेठ म्हने, लिखना आता है? मी मन्लं, आता है. तो बोरे पे मार्का लिख. मी लिहिनारा होय ना, त दिवसभर काजळीत कुंचा बुडवून बोऱ्यावर लिहीत राहिलो, अन् कोंड्याची धूळ गळ्यात बसून बसून माझा आवाज गेला, तवापासून असाच घोगरा आहे, ऐकूनच राहिले तुमी. मंग बिडी कारखान्यात बसलो. माझी बिडी ढिली होये, आजूबाजूच्या बाया हसत, म्हनत, काऊन जी भाऊ, बिडी वळून राहिले का तिले झोपवून राहिले. कारखान्याचा मानूस अर्ध्या बिड्या छाटून फेके. तेथूनबी निघालो. उन्हाळ्यात दरेकशाच्या जंगलात गेलो, तेथं तेंदूपत्ता वाळवतात त्या फडीवर मुनशी म्हनून. पत्ते घेऊन गोंडाच्या बाया येत, येता येता गात, मले गोंडी थोडीथोडीच समजे, पन चाल अशी राहे का मी पुडे मोजनं सोडून ऐकत बसे. ठेकेदारानं एक दिवस पाहिलं, मन्ला, यहाँ गाना सुनने आया है क्या? खरं म्हनाल त मी त्यासाठीच गेलतो, पन तसं सांगता येते का. मंग टेसनावर पानी पाजलं, लगनाच्या पत्रिका लिहिल्या, बैलबंड्या रंगवल्या. घरी आलो का पार्बता, माझी बायको, पाय दाबून दे अन् म्हने, आता लिहू नका, झोपा. मीबी झोपे. लिहिनाऱ्याची जवानी अशी झोपेत गेली.

शेवटी भांड्याच्या दुकानात टिकलो. गोंदियाच्या बजारात पितळेचं दुकान होतं, लोक लगनासाठी पान्याचा गुंड, परात, गंगाळ घेत, अन् त्यावर नाव टाकून मागत. छन्नी धराची, हातोडी हलक्या हातानं माराची, एकएक टिंब, एकएक टिंब, टिंबाटिंबाचं अक्षर होते. अमक्याकडून तमकीले. साऱ्या तालुक्याचे नावं मी टाकले जी. सेठ मले पंडित म्हने. कानात दिवसभर टिकटिक, जेवतानाबी तेच.

आता त्या आंब्याच्या गान्याचं सांगतो, दुकानात लागाच्या आधीची गोष्ट. पार्बता बाळंत झाली अन् तिले थंडीताप धरला, भादव्याचे दिवस, धान अजून बांधीत हिरवं, कोठी रिकामी. पलीकडच्या गावचे मालगुजार, जमिनीचे मालक, होते पुरुषोत्तमराव, त्यांचा मानूस आला. मालकाले गानं पायजे, गावची मंडई जोरात कराची आहे, धान देतो, कुनैन देतो, पन शेवटी नाव मालकाचं टाकाचं. मी दुसरं देऊ केलं. तो म्हने, नाही, ते आंब्याचं, तुमच्या अंगनात ऐकलं ते. पार्बता अंथरुनातून मन्ली, ते देऊ नका जी, ते काशीबाईचं आहे. मी मन्लं, काशी असती त तिनंच देऊन टाकलं असतं. अन् देऊन टाकलं. शब्दबी देला का कोठंच सांगनार नाही. पार्बता वाचली, पोरगीबी वाचली. मले त्याचा पस्तावा नाही, तसं लिहू नका.

पन गंमत ऐका. मंसाराम हे नाव त्या चालीत बसे, चार पावलात चार अक्षरं. पुरुषोत्तमराव कोठून बसते? मंडईच्या दिवशी मी मागं उभा होतो. त्यांच्या दंडारीचा म्होरक्या दसरू त्या नावापाशी आला अन् अडला, नाव सरेना, ढोलकी पुढं जाऊन राहिली, त त्यानं काय केलं, एक पाय उचलला अन् तसाच हवेत धरून ठेवला. ढोलकीवाला थांबला. दसरूनं नाव पुरं केलं अन् मंग पाय आपटला. लोक असे खूश झाले का विचारू नका. पुन्हा पुन्हा म्हनाले लावलं. पुढच्या साली साऱ्या गावच्या दंडारी तेथं पाय उचलू लागल्या. रोवन्यात बाया हे गानं म्हनत, त त्या नावापाशी रोपाचा हात वरच्यावर थांबे, मंग चिखलात जाये. पोरं रस्त्यानं लंगडत जात. लोक म्हनत, काय जागा बांधली मालकानं, याले म्हनतात कवी. चूक होती ती जी, न बसनाऱ्या नावाची चूक. मालकाच्या घराबाहेर हे दोघालेच ठाऊक, मले अन् पार्बताले.

एक दिवस दुकानात एक म्हातारी गुंड घेऊन बसली, मी तिच्या नातीचं नाव टाकून राहिलो अन् ती हेच गानं गुनगुनून राहिली. नावापाशी आली, थांबली, अन् माझी हातोडीबी थांबली. मले विचारते, भाऊ, तुमाले येते का हे गानं? मी मन्लं, ऐकलं आहे. घरी जाऊन पार्बताले सांगितलं, त ती चूल फुंकता फुंकता रडाले लागली, मलेच बोलली, मेल्या मानसावानी काऊन बसता, म्हना ना आपलं आहे म्हनून. पन शब्द देला होता.

मालगुजाऱ्या त कवाच्याच गेल्या होत्या. पुरुषोत्तमराव म्हातारे झाले, दारात कोनी बसेना. यंदा मंडईच्या आधी त्यांनीच मले बोलावलं. मन्ले, मंसाराम, लोक माझ्या नावाले पाय उचलतात, मले आता हसू येते अन् रडूबी येते, तुझं तू घेऊन जा, मंडईत मी स्वतः सांगतो. वाईट मानूस नाही तो. मी घरी आलो त पाय जमिनीवर नव्हते माझे. आमच्या गावच्या पोराईले बसवलं, शिकवलं, येथं थांबाचं नाही, सरळ जाचं, म्हने मंसाराम, वाट दूर आहे. पार्बतानं मले नवीन धोतर काढून देलं. बजारच्या दुकानातून मी सुट्टी घेतली, सेठ मन्ला, क्या बात है पंडित, शादी है क्या.

पलीकडच्या गावची मंडई भरली, आमची दंडार उभी राहिली. पोरं गायले, चांगले गायले. त्या जागेपाशी आले अन् सरळ गेले. अन् सारी गर्दी ओरडली, चुकलं, चुकलं! एक म्हातारा त पुढं आला, पोराचा पाय हातानं धरून वर उचलून दाखवला, असा उचलाचा, तुमाले शिकवलं कोन? पोरं माझ्याकडं पाहून राहिले. मंग पुरुषोत्तमराव काठी टेकत उठले, मन्ले, अजी, हे गानं माझं नाही, या मंसारामचं आहे, पहिलेपासून त्याचंच आहे. मंग मागून कोनीतरी मन्लं, पाहा, केवढ्या मोठ्या मनाचा मानूस, मालगुजारी गेली तरी आपलं गानं गरिबाले देऊन राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुरुषोत्तमरावाले. ते मान हलवत राहिले, नाही बा, नाही बा, पन लोकाले ते अजूनच मोठं वाटलं. दंडार पुन्हा म्हनाले लावली. पोराईनं मले पाहिलं, मी मन्लं, म्हना बाबू, लोकाले पायजे तसं म्हना. पाय उचलले, नाव आलं, पाय आपटले. धूळ उडाली.

आमी घराकडं निघालो. पाळीवर आलो, आंब्याखाली तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं अन् मन्ली, सरळ गेलं तवा काशीबाई मागं न पाहाता गेल्यावानी वाटलं जी, आंब्याखाली थांबलीच नाही. मी मन्लं, तुले ऐकू आलं ना, झालं. अन् खरंच जी, झालं. आता मी दुकानात आहे, डोळे कमी झाले, टिंब वाकडं जाते, तरी सेठ ठेवून आहे. पोरगी सुखात आहे, पार्बता आहे. आंबेबी आहेत, या उन्हाळ्यात कच्चे घेऊन जाजा. पुरुषोत्तमरावाले देव चांगलं ठेवो. अन् हे तुमी जे लिहून राहिले, त्याच्याखाली तुमचंच नाव येईन ना? येऊ द्या, मले काही नाही. पन टाकाच्या आधी एकदा म्हनून पाहा, बसते का ते.