मे महिन्यात दुरुस्त झालेला गिझर

आमचा गिझर बंद पडला तो ऐन थंडीत. मी ह्यांना रोज म्हणायचे, "अहो, मेकॅनिकला फोन करा की." हे म्हणायचे, "करतो." असं करता करता थंडी गेली आणि सोलापूरचा मे महिना आला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटके द्यायला लागलं. तेव्हा मला त्या बंद गिझरचा खरा उपयोग सापडला. पहाटे त्यात गार पाणी भरून ठेवलं की ते संध्याकाळपर्यंत गारच राहायचं. दिवसा गिझरच्या नळाला कुणी हात लावायचा नाही, असा दमच भरला होता मी घरात.

परवा संध्याकाळी माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. ऑफिसातून घामाघूम होऊन आले, तर हे दारातच हसत उभे! "तुझी तक्रार मिटली. सात रस्ता चौकातून मेकॅनिक सलीमभाईंना घेऊन आलो."

सलीमभाई बाथरूममधून बाहेर आले. "भाभी, कॉइल नवी टाकली. चालवून बघितला, पाणी कडकडीत झालंय."

"आणि माझं गार पाणी?" मी ह्यांना विचारलं. "आता लग्नाला आंघोळ कशानं करू?"

ह्यांचा चेहरा उतरला. सलीमभाईंनी हात धुवायला साधा नळ सोडला आणि झटकन हात मागं घेतला. "हे तर लई गरम हाय की! मग गिझर कशाला दुरुस्त करून घेतला, साहेब?"

ह्यांनी हळूच विचारलं, "सलीमभाई, गिझरमधलं पाणी गार व्हायला किती वेळ लागेल?"

सलीमभाईंना तो आपल्या कामावरचा संशय वाटला. छाती पुढं काढून म्हणाले, "बिनधास्त ऱ्हावा साहेब. उद्या सकाळपर्यंत गार होत न्हाय, माझी गॅरंटी!"