गरम सीटचं बटण

दुरुस्तीच्या दुकानात शिंपीणबाई बिघडलेली इस्त्री घेऊन रांगेत उभ्या होत्या. पुढे एक आजी-आजोबा होते. काउंटरवर त्यांची कमोडची गरम होणारी सीट.

"आजोबा, सीट ठणठणीत आहे. कुणीतरी तापमानाचं बटण बंद करतंय," दुकानदार म्हणाला.

"घरात आम्ही दोघंच. भूत आहे की काय?"

"मीच करते!" आजी म्हणाल्या.

"अगं, सकाळी बर्फावर बसल्यासारखं होतं मला!"

"गरम असली की तुम्ही तिथेच ठाण मांडता. इकडे चहा निवतो. मी एकटीच पीत बसते."

शिंपीणबाईंनी हसू दाबलं.

"मग हाक मारायचीस!"

"मारते की. 'आलोच' म्हणता."

आजोबांनी काउंटरवरची सीट उचलली.

"बरं, आधी दोघांचा चहा, मग माझी बैठक."

"आणि चहा कोण करणार?"

"सीट गरम मिळणार असेल, तर मी!"