मावशी कुणासाठी हसत होती

पाळकसाहेब, मंडळीतले सगळे भाऊबहीण, आमच्या गल्लीतून आलेले शेजारी, आणि समोर बसलेले शमुवेलकाका,

आज एवढी माणसं आलीत, हे एस्तेरमावशीला दिसलं असतं तर ती आधी चहाचं आधण वाढवायला उठली असती. मला बोलायची सवय नाही. महिला मंडळाचा जमाखर्च वाचून दाखवते, तेवढंच काय ते माझं बोलणं. मी दहावी शिकलेली बाई. जे बोलायचंय ते जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून आणलंय. सांभाळून घ्या.

खरं म्हणजे मी आज बोलणारच नव्हते. पण परवा दफनभूमीतून परत निघताना काकांनी माझा हात धरला. म्हणाले, "शीला, खरं सांग. ती सारखी हसायची. मी अंथरुणावर पडलो तरी हसायची, स्वतः आजारी पडली तरी हसायची. माझ्यासाठी नाटक करत होती का गं? मला फसवत होती का?"

उत्तर मला ठाऊक होतं. पण ते सांगायचं नाही, असं मावशीनंच मला बजावलं होतं.

काका, दोन दिवस मी देवाला विचारत होते, सांगू का? आज सांगते. सगळ्यांसमोर सांगते.

तुमच्यापैकी पुष्कळांना त्यांचं निजामपुऱ्यातलं घर माहीत आहे. पुढची खोली, मागं स्वयंपाकघर. स्वयंपाकघराची एका बाजूची भिंत आणि कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याची भिंत एकच. काका त्याच कारखान्यात जॉबर होते, बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. तेव्हापासून काका पुढच्या खोलीत पलंगावर, आणि मावशी आतबाहेर, आतबाहेर. घरात बसून कपड्यांचे धागे कापायचं काम तिनं धरलं. मांडीवर कपडा, हातात कात्री, आणि तोंडानं काकांशी भांडण.

हो, भांडण! काका चिडायचे. "हसायला काय झालं? इथं माझा जीव चाललाय!"

मावशी म्हणायची, "तुमचं तोंड वाकडं झालंय ना, त्यामुळे तुम्ही रागावलात तरी हसल्यासारखं दिसता. मग मला वाटतं, आपण एकटं कशाला राहायचं?"

वर राहणारी नसीमभाभी जिन्यातून ओरडायची, "मौसी, इतना क्या हँसती हो? लॉटरी लगी क्या?" मावशी म्हणायची, "लगी है, आके ले जा अपना हिस्सा!" भाभी, तुम्ही इथं बसल्या आहात. आठवतंय ना?

मलाही तेव्हा नवल वाटायचं. आम्ही प्रार्थना करतो, उपकारस्तुती करतो, 'प्रभूमध्ये आनंद' असं म्हणतो. पण घरी गेल्यावर तो आनंद किती जणींजवळ उरतो? माझ्याजवळ तरी पुष्कळदा उरत नसे. म्हणून माझ्या मनात यायचं, ही बाई एवढा आणते कुठून? की नुसतं दाखवते?

मग एक दुपार आली.

ऊन कलतं झालं होतं. लूम चालू होते. मी मागच्या दारानं त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढं तरंगते. वरच्या झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा आत आला होता. त्यात कापसाचे बारीक तंतू हळूहळू उडत होते, खाली यायचे, परत वर जायचे. फळीवरची भांडी थरथरत होती. तांब्यातलं पाणीसुद्धा थरथरत होतं. त्या आवाजात दुसरं काहीच ऐकू येत नाही. पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं.

आणि त्या उजेडात मावशी जमिनीवर बसली होती. रडत होती. हुंदके देऊन, अंग हलेपर्यंत रडत होती.

मी दारातच थबकले. काय करावं कळेना. मग माझं लक्ष तिच्या ओठांकडे गेलं. आमच्या गल्लीत लूमच्या आवाजात सगळे ओठांवरूनच बोलणं ओळखतात. ती म्हणत होती, "आभारी आहे बाबा, आभारी आहे." डोळ्यांतून धार, आणि ओठांवर आभार. दोन्ही एकाच वेळी. मी असं आधी कधी पाहिलं नव्हतं.

तिनं मला पाहिलं. पदरानं डोळे पुसले. आणि हसली, काका. तुमच्यासमोर हसायची ना, अगदी तशीच.

मी तिच्याजवळ बसले. तिच्या कानाला तोंड लावून विचारलं, "मावशी, खरं सांग. बाहेर हसतेस ते काकांना बरं वाटावं म्हणून का?"

ती माझ्या कानाशी आली. म्हणाली, "वेडे, त्यांच्यासाठी मी रडणं लपवते. हसणं कशाला लपवू?"

मग म्हणाली, "मला रडायचं असलं की मी लूम चालू असताना इथं येऊन रडून घेते. त्यांना कळत नाही. त्यांना वाटतं त्यांच्यामुळे माझे हाल झाले. माझं रडणं ऐकलं तर जीव सोडतील. पण रडून झालं ना, की आत एक जागा मोकळी होते. बघते तर तिथं प्रभू बसलेला. मी एवढी रडले, तक्रारी केल्या, तरी उठून गेलेला नाही. मग मला हसू येतं, की अगं बाई, हा अजून इथंच?"

आणि माझा हात दाबून म्हणाली, "काकांना सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. आजपर्यंत नाही.

मावशी, आज तुझा शब्द मोडते आहे. माझा इलाज नाही. ज्यांच्यासाठी तू लपवलंस, तेच आता विचारताहेत.

काका, शुक्रवारी लूम बंद असायचे. घरात टाचणी पडली तरी ऐकू यायची. त्या दिवशी मावशी रडायची नाही. त्या दिवशी तुम्हाला फक्त तिचं हसणं ऐकू यायचं. म्हणून तुम्हाला वाटलं, ही कधी रडतच नाही. आणि जी रडत नाही तिचं हसणं खरं कसं असेल, ही शंका तुमच्या मनात आली. हो ना?

पण आता पुढचं ऐका. हे तर सारालाही, तुमच्या लेकीलाही, मी सांगितलेलं नाही.

मावशी शेवटी दवाखान्यात होती. तुम्हाला जिने चढून तिथं येता येत नव्हतं. एका दुपारी मी एकटी तिच्याजवळ होते. औषधाच्या गुंगीत ती कधी जागी, कधी झोपेत. मध्येच कण्हायची. एकदा डोळे मिटलेलेच होते आणि ती हसायला लागली. खुदुखुदू, लहान पोरीसारखी. मी घाबरले. म्हटलं, "मावशी, काय झालं गं?"

म्हणाली, "माझे पाय ओले झालेत का बघ."

मी चादर बाजूला केली. पाय कोरडेच होते.

"बांधावरनं चालत होते. आमच्या गणेशपुरीकडच्या शेतात. भात असा पोटापर्यंत आलेला. प्रभू पुढं चालला होता. हळू चालत होता, मला दम लागतो ना."

मी विचारलं, "आणि काका?"

तर परत हसायला लागली. म्हणाली, "अगं, तुझे काका पळत होते! लुंगी सावरत पळत होते, दोन्ही पायांनी! प्रभूच्याही पुढं गेले. म्हटलं, अहो, थांबा, एवढी कसली घाई? तर ऐकतायत कुठं!"

आणि तशीच हसत हसत परत झोपली.

काका, तिथं तुम्ही नव्हता. तिथं कुणाला बरं वाटावं म्हणून हसायचं होतं? दुखणं अंगात होतं, ते ती विसरली नव्हती. पण हसू आलं ते आतून आलं. ती तुम्हाला पळताना बघून हसली.

तिनं तुम्हाला फसवलं नाही, काका. तिचं रडणं खरं होतं आणि हसणंही खरं होतं. तुम्हाला तिनं त्यातलं अर्धंच दिलं, कारण उरलेलं अर्धं जड होतं. आज ते मी तुमच्या हातात देते आहे.

आता आपण सगळे थोडा वेळ शांत उभे राहू या. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसूनच राहावं. या वेळात कुणी सावरून बसायची गरज नाही. काका, तुम्ही तर अजिबात नाही. परवापासून बघते आहे, सारासमोर तुम्ही डोळे कोरडे ठेवताय. ठेवू नका. मोठ्यानं रडा. तिला ऐकू द्या, आम्हालाही ऐकू द्या. प्रभू उठून जाणार नाही.

एस्तेरमावशी, तुला आमचा सगळ्यांचा सलाम.