पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूबाबत

मी, गावभर ‘मास्तर’ म्हणून ओळखला जाणारा, वय सदुसष्ट, धंदा मोटार चालवायला शिकवण्याचा, राहणार बाजारामागच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीसमोर, समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील ठिकाणी मी एकटा राहतो. पत्नी हयात नाही. एक मुलगी आहे, ती लग्न होऊन याच गावात, बसथांब्याजवळच्या टायरच्या दुकानामागे राहते. ते दुकान माझ्या व्याह्यांचं आहे. जावई तिथेच काम बघतात आणि मुलगी दुपारी गल्ल्यावर बसते. मी शाळेत फार गेलेलो नाही. गाडीचं जे येतं ते गाडीखाली झोपून आणि माणसांना शेजारी बसवून आलेलं आहे. माझी एकच चारचाकी आहे. तिला माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक आहेत. तीच शिकवणीची आणि तीच घरची.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी गाडीत बसवत नाही. चारी टायरांवरून तळहात फिरवायला लावतो, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. टायर मधोमध झिजला तर हवा जास्त भरली जाते, दोन्ही काठांना झिजला तर कमी, आणि एकाच काठाला झिजला तर चाक सरळ उभं नाही, अलाइनमेंट बिघडलेली आहे, एवढं हाताला कळलं की मग किल्ली देतो. मुलं यावरून माझी चेष्टा करतात. मास्तरांकडे गेलं की आधी म्हैस थोपटायला लागते, असं म्हणतात. माझी त्याला हरकत नाही.

दुसरी एक पद्धत आहे ती या कामाशी संबंधित असल्याने सांगतो. शिकताना सगळ्यात जास्त मार पुढच्या डाव्या चाकाला बसतो, कारण नवीन माणूस फुटपाथला तेच घासतो. म्हणून परवाना मिळाला की त्याने पिवळ्या तैलरंगाने त्या टायरवर एक खूण काढायची आणि चाकाची माफी मागायची. माफी चारचौघांत मागायची नसते, म्हणून खूण आतल्या बाजूला. स्टिअरिंग पूर्ण वळवून, खाली वाकून ती काढावी लागते. बाहेरून दिसत नाही. कुणी चांदणी काढतो, कुणी आद्याक्षर. माझ्या मुलीने लग्नानंतर गाडी शिकून घेतली. त्या निमित्ताने ती रोज सकाळी माहेरी येत असे. तिने चिमणी काढली. चिमणीची शेपटी अंगापेक्षा मोठी झाली होती. मी म्हटलं, ही चिमणी आहे की केरसुणी. ती म्हणाली, “बाबा, चुका काढायची सवय गाडीपुरती ठेवा.”

गेल्या वर्षी पुढचे दोन्ही टायर आतल्या काठाला झिजून गोटा झाले. बाहेरच्या काठाची नक्षी शाबूत होती. जो टायर तीन वर्षं जायला हवा तो वर्षही पुरता गेला नाही. मी गाडी व्याह्यांच्या दुकानी नेली. ते म्हणाले, “मास्तर, तुमच्या शिष्यांचे हात जड, टायर बिचारा काय करणार.” मी म्हणालो, शिष्यांनी घासलेला टायर बाहेरून घासतो, आतून नाही, ही अलाइनमेंट आहे. ते म्हणाले, “करून देतो. तुम्ही आत बसा, सुनेच्या हातचा चहा घ्या.” मी आत बसलो. अलाइनमेंटचं यंत्र चालू असताना मी पाहिलं नाही. त्यावर ताडपत्री होती. काम झालं असं सांगितलं गेलं ते मी मानलं.

काढलेले टायर मी दुकानात सोडले. सोडताना व्याह्यांना म्हणालो, हे पात्याने फाडून टाका, कुणाच्या गाडीला लागता कामा नयेत, आतल्या काठाला दोरे दिसायला लागलेत. त्या वेळी माझी मुलगी गल्ल्यावर होती. ती उठून आली आणि म्हणाली, “थांबा, माझी चिमणी बघू द्या एकदा.” तिने ओढणीच्या टोकाने टायर पुसला. मग म्हणाली, “घेऊन जा, फाडा.” व्याही म्हणाले, “सूनबाईंचा हुकूम.” आम्ही तिघेही हसलो. दुकानात त्या वेळी चौथं कोणी नव्हतं.

यंदा पुढचे टायर पुन्हा त्याच काठाला झिजले. मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. हवालदारांनी दुसरीकडे का गेला नाहीत असं विचारल्यावरून सांगतो की, मुलगी दिलेल्या घरावरून पुढे जाऊन दुसऱ्याच्या दुकानात टायर बदलणं मला जमलं नसतं, आणि गावात ते संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर गेलं असतं. व्याह्यांनी पुढे दोन नवे टायर घातले, म्हणजे नवे म्हणून घातले. काळे कुळकुळीत होते. मी नव्या टायरची किंमत दिली. पावती घेतली नाही. व्याह्याकडे पावती मागायची म्हणजे लेकीच्या सासरी जेवायला बसून भात मोजण्यासारखं आहे. गाडी माझ्या हातात दिली तेव्हा चाकं सरळ होती, त्यामुळे आतला काठ दिसत नव्हता. मी चाक वळवून तो पाहिला नाही.

सध्या माझ्याकडे शिकत असलेल्या बाई कपडे शिवण्याचं काम करतात. त्यांना शहरातून कापड आणायला आणि शिवलेला माल पोचवायला स्वतःची जुनी गाडी घ्यायची आहे, म्हणून त्या शिकतात. नवे टायर बसल्यानंतर त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा नियमाप्रमाणे त्यांनी हात फिरवला. डाव्या टायरपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, याच्या खाचा हातशिलाईसारख्या लागतात. एक टाका खोल, एक वर.”

मी म्हणालो, “बाई, टायर माझ्या व्याह्यांच्या दुकानातला आहे.”

त्या म्हणाल्या, “मग माझं काय म्हणणं असणार. कापड मात्र मी माहेरून आलेलंसुद्धा आधी पाण्यातून काढते, मग कात्री लावते.”

आम्ही त्यावर हसलो आणि गाडी बाहेर काढली.

घटनेच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही बाजाराच्या रस्त्याने येत होतो. गाडी बाई चालवत होत्या, मी शेजारी होतो. दुसऱ्या गिअरमध्ये होतो. चौकात उजवीकडे वळायचं होतं. बाईंनी आरसा पाहिला, इशारा दिला, वेग कमी केला आणि वळवायला घेतलं. मी मनात म्हटलं की आज वळण छान जमलं. त्याच वेळी डाव्या पुढच्या चाकाचा मोठा आवाज झाला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. बाईंनी स्टिअरिंग सोडलं नाही. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी फुटपाथवर चढून घड्याळ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांच्या टपरीला लागली. त्यांचा पाय टपरीखाली आला. स्टिअरिंगच्या झटक्याने बाईंचं उजवं मनगट मोडलं. मला काही लागलं नाही.

गाडी थांबल्यावर बाई आपल्या हाताकडे बघत नव्हत्या. त्या मला म्हणाल्या, “मास्तर, माझं काय चुकलं?” हेच त्यांनी दवाखान्यातही विचारलं, प्लास्टर घालताना.

दवाखान्याच्या बाहेर व्याही आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं धीर द्यायला आले. ते म्हणाले, “मास्तर, तुमचाच जुना टायर, तुम्हीच म्हणालात खाचा मारून द्या, अजून चालेल. मी नको म्हणत होतो. असंच सांगायचं आपण.” मला ते आधी कळलंच नाही. तो टायर माझा जुना आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी म्हणालो, माझा जुना कसा, तो तर तुम्ही फाडला. ते म्हणाले, “आता नात्यात शब्दाला शब्द कशाला वाढवायचा.” आणि निघून गेले. त्यांनी तसाच जबाब ठाण्यात दिल्याचं मला आज इथे वाचून दाखवण्यात आलं. त्यात बाईंनी वळण जोरात घेतलं असंही लिहिलेलं आहे. त्या वेळी ते चौकात नव्हते, दुकानात होते.

दुसऱ्या दिवशी गाडीची तपासणी झाली तेव्हा मी हजर होतो. फुटलेला टायर काढून जमिनीवर ठेवला. आतल्या काठाला दोरे उघडे पडले होते आणि त्यावर काळा लेप दिलेला होता. खाचा तापवलेल्या पात्याने मारलेल्या होत्या, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी कोरलेली होती. हवालदारांनी रॉकेलच्या फडक्याने आतली बाजू पुसली. काळा रंग सुटला आणि खाली पिवळा रंग दिसायला लागला. आधी एक चांदणी, मग एक आद्याक्षर, मग चिमणी. मी खाली बसलो. मला पाणी देण्यात आलं. पंचनाम्यात माझ्या बसण्याचा उल्लेख नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. उजव्या टायरच्याही खाचा तशाच मारलेल्या होत्या. तो कुणाच्या गाडीचा होता ते मला सांगता येणार नाही.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिने आधी जेवलात का विचारलं. मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो. मग ती म्हणाली, “बाबा, तुम्हीच सांगितलं होतं असं म्हणा ना. तुमचं वय बघून दंडावर सोडतील. इथे दुकान बंद पडेल.”

मी म्हणालो, “आणि बाई? त्यांच्यावर गुन्हा दाखल आहे. त्यांचा उजवा हात आहे तो.”

ती म्हणाली, “त्या परक्या आहेत, बाबा.”

मी म्हणालो, “तू होतीस तिथे. तू पुसलंस.”

तिच्या मागे हवा भरायच्या यंत्राचा आवाज येत होता, त्यावरून फोन दुकानातून होता असं मला वाटतं. ती एकटी होती की शेजारी कुणी उभं होतं ते मला माहीत नाही. मग ती म्हणाली, “मला आठवत नाही,” आणि फोन ठेवला. ती लहानपणापासून कधी काही विसरल्याचं मला आठवत नाही. दूधवाल्याने कुठल्या दिवशी दूध कमी घातलं तेही ती तारखेनिशी सांगत असे.

आणखी विचारल्यावरून सांगतो की, मी टायरला खाचा मारून द्यायला कधीही सांगितलं नाही, आजवर कुणालाही नाही. ज्या गाडीत रोज परक्यांची लेकरं बसवायची तिला मेलेला टायर घालणारा माणूस मी नाही. माझी चूक एवढीच की सगळ्यांना हात फिरवायला शिकवलं आणि व्याह्यांच्या वस्तूवर मी स्वतः फिरवला नाही. त्याची जी काही शिक्षा असेल ती मला व्हावी. बाईंची वळणावर काहीही चूक नव्हती. त्यांनी तर मला आधीच सांगितलं होतं. टायर धड असता तर त्या दिवशी मी त्यांना परवान्याच्या परीक्षेची तारीख घ्यायला सांगणार होतो.

बाईंना दवाखान्यातून घरी सोडल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. त्यांच्या मशीनवर एक अर्धवट झगा तसाच सुईखाली होता. त्यांनी तो काढू दिला नाही. म्हणाल्या, “राहू दे, हात आला की तिथूनच पुढे शिवीन.” मग विचारलं, “व्याह्यांनी मुद्दाम केलं असेल का हो?” त्याचं उत्तर मला इथेही देता येत नाही. इतकी वर्षं ते माझ्या दारावरून जाताना भोंगा वाजवल्याशिवाय पुढे गेलेले नाहीत. हा टायर माझ्या गाडीला घालताना माझी मुलगी या गाडीत पुढे बसते हे त्यांना माहीत होतं. त्यांची सूनही तीच आहे.

टायर फाडायला सांगितलं त्या वेळी हजर असलेली तिसरी व्यक्ती माझी मुलगी होती. तिला विचारण्यात यावं. ती काय सांगेल ते मला सांगता येत नाही.

हवालदारांनी ‘व्याही’ या शब्दाच्या जागी ‘टायर दुकानदार’ असं लिहू का विचारलं. मी नको म्हणालो. नातं त्यांनी वापरलं, मी तोडलेलं नाही. खटल्याचं काम संपल्यावर हा टायर आता तरी सर्वांसमक्ष फाडण्यात यावा आणि चिमणीचा तेवढा तुकडा कुणाला नको असेल तर मला मिळावा, अशी विनंती आहे.

हा माझा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. मी सांगितलं तसाच तो उतरलेला आहे. मुलीच्या फोनचा मजकूर गाळायचा का, असं मला दोनदा विचारण्यात आलं. दोन्ही वेळा मी राहू द्या असंच सांगितलं. खालची सही माझ्या नेहमीच्या सहीसारखी आलेली नाही. ती माझीच आहे.