तत्त्वतः पाठिंबा

...आणि पाठिंबा नाही असं कुणी म्हटलं का? तेच तर तुम्हाला सांगतोय, एकानंही म्हटलं नाही! म्हटलं असतं तर मी मुकाट्यानं घरी गेलो असतो... पण छे, जो तो दार उघडणार, घाम पुसणार आणि म्हणणार, "तत्त्वतः माझा पूर्ण पाठिंबा आहे रे बाबा."

मी पंखे दुरुस्त करणारा माणूस, आठवीत शाळा सुटलेली, मला वाटलं तत्त्वतः म्हणजे सही करतात.

झालं असं, की उकाडा वाढला, धूर वाढला, म्हणून नगरपालिका म्हणाली, तुमच्या इमारतीसमोर गाड्या लावायची जागा आहे तिथे झाडं लावू, बसथांबा करू, फक्त चोवीस घरांपैकी सोळांच्या सह्या शुक्रवारपर्यंत आणा. आता माझी आई शिवणकामाच्या कारखान्यात जाते, गुडघे कामातून गेलेले, आणि थांबा पार चौकापलीकडे... म्हणून अर्ज घेऊन मी निघालो. मी! कुणाला वेळ विचारायला लागू नये म्हणून ज्यानं घड्याळ घेतलं, तो मी!

पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर. म्हणाले, तत्त्वतः पाठिंबा, पण वरच्या वकीलबाईंनी केली का सही? मी गाडी लांब लावायची आणि त्यांनी मजा बघायची, असं नको. वर गेलो. वकीलबाई म्हणाल्या, खालच्यांच्या गाड्या दोन, माझी एक, आधी त्यांना करू दे. तिसऱ्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर. "मागे रोपं लावली होती ना या पालिकेवाल्यांनी? फोटो काढला आणि रोपं परत घेऊन गेले. पण तत्त्वतः..."

बरं, पहिली सही कुणाची तरी हवी म्हणून मी माझीच केली, तर डॉक्टर म्हणतात, तुझ्याकडे गाडीच नाही, तुझं काय जातंय?

चार दिवस नुसता खाली-वर, खाली-वर... माझे गुडघे आईच्या वयाचे झाले! मग डोकं चाललं. दुसरा कागद केला: ज्यांचा विरोध असेल त्यांनी इथे सही करावी. तर सगळे माझ्यावरच उखडले. वकीलबाई म्हणाल्या, "झाडांना विरोध? मला काय राक्षस समजतोस?" एकानंही सही केली नाही. म्हणजे जिंकलोच की!

शुक्रवारी दोन्ही कागद घेऊन ऐटीत कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी उलटसुलट बघितले. पाठिंबा एक, विरोध शून्य. "बाकी तिथे राहतं का कुणी?" मला सांगायचं होतं हो सगळं, तत्त्व, गाड्या, रोपं... पण रांगेतले लोक माझ्याकडे बघायला लागले आणि मी आपला घड्याळात बघायला लागलो. बाईंनी शांतपणे लिहिलं: वस्ती एक कुटुंब.

महिन्याभरात, एका कुटुंबासाठी बस कशाला थांबवायची म्हणून चौकापलीकडचा थांबाही उचलून आणखी पुढे नेला.

आणि मग काय सांगू! डॉक्टर स्वतः कागद घेऊन खाली आले, अन्याय आहे म्हणाले. अर्ध्या तासात चोवीस सह्या! त्यातले तेवीस जन्मात बसमध्ये चढलेले नाहीत! आठवड्यात थांबा परत आला. हेडमास्तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघितलीस एकजूट?"

आईला सांगितलं, थांबा आला. तिनं विचारलं, दारात? म्हटलं, नाही, होता तिथेच, चौकापलीकडे. आईनं गुडघ्यावर हात टेकला, उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "मग निघते, लांब जायचंय."