जॉन्सन मोठो की डेम्प्सी?

ओरोसच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या विमलाताईंना वाटलं, पुढच्या बाकावरचे दोघे म्हातारे आता भांडणार. कीर्तनाला लावावा तसा त्यांनी कान लावला.

"गंगाराम, बॉक्सिंगातलो तुझो जॉन्सन आधीचो, माझो डेम्प्सी मागचो. पण एका काळातले असते, तर डेम्प्सीन जॉन्सन आडवो केल्यान असतो!"

"होय."

"होय काय मेल्या? जल्मभर सांगत इलंस, जॉन्सनासारखो कोण नाय म्हणून!"

"असात."

"भांड रे माझ्यावांगडा. 'फॉस्टिन, तुका काय्येक कळणा नाय,' असां म्हण."

"फॉस्टिन खंय आसा?"

विमलाताईंच्या हातातली जपमाळ थांबली.

"येतलो हां तो. तवसर माझो हात धर."